पोरांचे आकाशाबद्दलचे प्रश्न आणि आईबाबांची पंचाईत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला पोरं आली की ती मस्त मजेत असतात, टेन्शन येतं ते आईबाबांना, कारण पोरगं चारचौघांत काहीतरी विचारतं आणि आपल्याला ते येत नसतं. आमच्याकडे दर सीझनला तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र टाकलेत. पोरांना सांगायचं उत्तर आधी आणि मग मोठ्यांसाठी थोडं जास्तीचं, असं ठेवायचा प्रयत्न केलाय पण ते सगळीकडे जमलेलं नाही. आग्रह एकच, जिथे जमेल तिथे सांगण्याऐवजी दाखवा. गच्ची, बॅटरी, टेनिसबॉल आणि दुधाचे चार थेंब एवढ्या सामानात निम्मे प्रश्न मिटतात.

चांदोबा आपल्या गाडीबरोबर का पळतो? (वय ४-५, हमखास एसटीच्या खिडकीत)

पळत नाही गं, तो खूप लांब आहे म्हणून तसं वाटतं. एवढं म्हणून थांबू नका, तिला खिडकीतूनच दाखवा: रस्त्याकडेचं झाड झर्रकन मागे जातं, शेतातलं घर जरा सावकाश जातं, लांबचा डोंगर तर बराच वेळ आपल्यासोबतच असतो. म्हणजे जितकं लांब तितकं हळू सरकतं. आणि चंद्र तर ३,८४,४०० किलोमीटर लांब, तो कशाला सरकतोय.

हे लांब म्हणजे नक्की किती ते मोठ्यांनाही माहीत नसतं, कारण पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि चंद्र एकाच पानावर खेटून काढलेले असतात. घरी फुटबॉल आणि टेनिसबॉल असेल तर करून बघा. फुटबॉल पृथ्वी, टेनिसबॉल चंद्र, आणि पोराला विचारा चंद्र कुठे धरू. सगळे हातभर अंतरावर धरतात. खरं अंतर त्या मापात साडेसहा मीटर येतं, म्हणजे बहुतेक फ्लॅटमध्ये चंद्र हॉलमधून निघून किचनच्या ओट्याशी जाऊन उभा राहतो.

चंद्र रात्रीचा असतो ना, मग सकाळी शाळेत जाताना कसा दिसला?

तो दिवसाही असतोच, आपण वर बघत नाही एवढंच. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी पश्चिमेला बघा, आरामात दिसतो.

ह्याच्याच मागून दुसरा प्रश्न येतो, चंद्र लहान-मोठा का होतो, आणि इथे बरेच बाबा ठामपणे सांगतात की पृथ्वीची सावली पडते. तसं नाहीये हो. पृथ्वीची सावली फक्त चंद्रग्रहणात पडते. रोजच्या कला होतात त्या आपण चंद्राची उजेडातली बाजू कुठून बघतो त्यावर. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, पोराच्या हातात टेनिसबॉल द्या, हात लांब करून डोक्यापेक्षा जरा वर धरायला सांगा आणि स्वतःभोवती सावकाश गिरकी घ्यायला लावा. दिव्याकडे तोंड असताना अमावास्या, पाठ केली की पौर्णिमा, मधे कोर आणि अर्धा चंद्र. तीन मिनिटांत कळतं आणि जन्मभर विसरत नाही.

आकाश निळं का असतं?

सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात, हवेतून येताना त्यातला निळा सगळ्यात जास्त इकडेतिकडे फेकला जातो, म्हणून कुठेही बघितलं तरी निळाच दिसतो. संध्याकाळी उजेडाला हवेतून जास्त लांबचा प्रवास करावा लागतो, निळा वाटेतच उधळून संपतो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो तांबडा-केशरी. समुद्राचं प्रतिबिंब वगैरे काही नाही, समुद्र नसलेल्या नागपुरातही आकाश निळंच आहे.

दाखवायचं असेल तर काचेच्या उंच ग्लासात पाणी घ्या, त्यात दुधाचे तीन-चार थेंब टाका (जास्त नको, नाहीतर नुसतं पांढरं होईल), खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च ग्लासच्या खालून वर मारा. बाजूने बघितलं तर पाणी किंचित निळसर आणि वरून थेट टॉर्चकडे बघितलं तर पिवळट-केशरी. गंमत म्हणजे मंगळावर हे उलटं आहे, तिथली बारीक धूळ अशी आहे की दिवसा आकाश तांबूस आणि मावळताना सूर्याभोवती निळसर उजेड. तिकडे गेलेल्या रोव्हरांनी फोटो काढलेत, पोरांना ते दाखवा, फार आवडतात.

सूर्य एवढा जळतोय तर विझत कसा नाही?

कारण तो जळतच नाहीये. जळायला हवा लागते, तिथे कुठली आलीय हवा. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून हेलियम बनतो आणि त्यातून उजेड आणि उष्णता निघते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा वापरला जातो. हे ऐकलं की पोरं घाबरतात, मग उद्या संपला तर? नाही संपत, सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं आहे आणि अजून साधारण ५०० कोटी वर्षं पुरेल एवढा साठा आहे. सहा वर्षांच्या पोराला ५०० कोटी म्हणजे काय ते कळत नाही, त्याला सांगा की तुझी परीक्षा त्याच्या आधी येणार आहे.

तारे लुकलुक का करतात?

आपल्या डोक्यावरची हवा हलत असते म्हणून. ताऱ्याचा उजेड इतक्या लांबून येतो की तो आपल्यासाठी एक टिंब असतो, हवेने ते टिंब जरा ढकललं की लुकलुकतं. ग्रह त्या मानाने जवळ असल्याने ते शांत असतात. त्यामुळे लुकलुकत नसलेलं ठळक काही दिसलं तर तो बहुतेक गुरू किंवा शुक्र. आणि न लुकलुकता सरळ चालत चाललंय, चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतंय असं काही दिसलं तर तो स्पेस स्टेशन असू शकतो, वर माणसं बसलेली आहेत त्यात.

आजोबा तारा झाले का?

हा प्रश्न कधीही येऊ शकतो आणि त्याला खगोलशास्त्राचं उत्तर द्यायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार वर्षांचं पोर तारा म्हणजे काय हे विचारत नाहीये, आजोबा कुठे गेले आणि परत येणार का हे विचारतंय. आधी त्याच्याशी आजोबांबद्दल बोला. ते परत येणार नाहीत हेही सांगा, "झोपलेत" किंवा "बाहेरगावी गेलेत" म्हणून वेळ मारून नेली की पोरं झोपायला घाबरतात नाहीतर वाट बघत बसतात.

मग जरा मोठं झालं, आठ-नऊ वर्षांचं, की त्याला खरी गोष्ट सांगता येते आणि ती उलट्या बाजूने जास्त भारी आहे. माणूस मेल्यावर तारा होत नाही पण आपण सगळे ताऱ्यांतून आलोय. रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन, हे सगळं पृथ्वी जन्मायच्या आधी कुठल्या ना कुठल्या ताऱ्याच्या पोटात किंवा तो फुटताना बनलेलं आहे. आजोबांचं तसं, तुझंही तसं, आणि शेजारच्या काकूंच्या मांजरीचंही तसंच.

प्रकाशवर्ष म्हणजे काय? माझ्या टीचरनी सांगितलं पण नाही कळलं.

उजेड एका वर्षात जितका लांब जातो तितकं अंतर, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा सांगून काहीही होत नाही, त्यामुळे आम्ही वाढदिवसाचा तारा शोधायला लावतो. सूर्याचा उजेड आपल्याकडे यायला आठ मिनिटं आणि थोडे सेकंद लागतात, व्याधाचा यायला ८.६ वर्षं. म्हणजे साडेआठ वर्षांच्या पोराला आज व्याध दिसतोय तो उजेड हे पोर जन्मलं तेव्हा तिकडून निघालेला. दादा सतरा वर्षांचा असेल तर त्याला श्रवण, पंचवीसची आत्या असेल तर अभिजित, सदतीसच्या आईला स्वाती आणि आजी पासष्टच्या आसपास असेल तर रोहिणी. व्याध आणि रोहिणी हिवाळ्यात रात्री, स्वाती एप्रिल-मे मध्ये, अभिजित आणि श्रवण पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी पश्चिमेकडे. सगळ्या घराला एकेक तारा वाटला जातो आणि मग पोरं स्वतःच लोकांना सांगत सुटतात.

गावाकडे काळोख असेल आणि नजर चांगली असेल तर देवयानी दीर्घिकेचा (म्हणजे गॅलक्सीचा) फिकट पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वीचा. त्या वयाचं घरात कोणी नसतं.

मृग नक्षत्र जूनमध्ये लागतं ना, मग आकाशात मृग डिसेंबरमध्ये का दाखवता?

हा प्रश्न विचारणारं पोर बहुतेक शेतकऱ्याच्या घरचं असतं आणि फार हुशार असतं. ७-८ जूनला "मृग लागला" म्हणतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. सूर्यच तिथे उभा असल्यावर ते तारे दिसणार कसे, ते दिवसा आकाशात असतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते, मग तेच मृग सूर्य मावळता मावळता पूर्वेला उगवतं आणि रात्रभर दिसतं. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि बाणाची रेघ खाली वाढवली की ज्याने तो मारला तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. ही गोष्ट आजीला येत असते, तिला सांगू द्या.

शनी वाईट असतो का? आजी म्हणते बाबांना साडेसाती आहे.

शनी हा एक ग्रह आहे आणि टेलिस्कोपमधून बघण्यासारखी त्याच्याइतकी सुंदर गोष्ट नाही, पहिल्यांदा बघणारं प्रत्येक जण "हे खरंय का स्टिकर लावलंय" असं विचारतं. ती कडी म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे आणि थोडी दगडधूळ. कड्यांचा पसारा अडीच लाख किलोमीटरच्या वर आणि जाडी मात्र बहुतेक जागी शंभर मीटरच्या आतच.

साडेसातीचा हिशोब मात्र पोरांना जरूर करून दाखवा, कारण त्यात खरं गणित आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आकाशाच्या त्या पट्ट्यात राशी बारा, म्हणजे एका राशीत तो जवळपास अडीच वर्षं. तीन राशी ओलांडायला साडेसात. झालं, हीच साडेसाती. आपल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी दुर्बीण नसताना हे मोजलं, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण १०० कोटी किलोमीटरच्या पलीकडचा ग्रह बाबांचं प्रमोशन अडवतो ह्याला काही आधार नाही. आजीशी वाद घालायला पोराला पुढे करू नका, आजीलाच एकदा टेलिस्कोपला डोळा लावू द्या.

ग्रहणात बाहेर गेलं तर काय होतं?

काही होत नाही. अन्न खराब होत नाही, पाणी विषारी होत नाही, बाळाला काही होत नाही. धोका एकच आणि तो खरा आहे: सूर्याकडे थेट बघितलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि दुखतही नाही म्हणून कळत नाही. ग्रहण असो नसो. गॉगल, एक्सरेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, हे काहीही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ असं छापलेला ग्रहणाचा चष्मा चालतो, तोही ओरखडा नसलेला.

चष्मा नसेल तर स्वयंपाकघरातला झारा आणा. सूर्याकडे पाठ करून झारा उन्हात धरा, खाली फरशीवर प्रत्येक भोकाची एकेक कोर पडते, एका वेळी पंचवीस-तीस सूर्य आणि सगळ्यांना ग्रहण लागलेलं. झाडाखाली पानांच्या फटींतूनही तसंच पडतं. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे, ढगांनी कृपा केली तर. खग्रास बघायचं असेल तर २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाखकडे जावं लागेल.

शुभांशू शुक्ला हवेत तरंगत होते, तिथे गुरुत्वाकर्षण नाही का?

आहे की! स्पेस स्टेशन फक्त ४०० किलोमीटर वर आहे, म्हणजे मुंबई-गोवा अंतरापेक्षाही कमी, आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के आहे. मग तरंगतात का? कारण स्टेशन, आतली माणसं, डबे, चमचे, सगळं एकत्रच पडतंय. पण त्याचवेळी ते ताशी सुमारे २८ हजार किलोमीटरने पुढेही जातंय, त्यामुळे पडता पडता पृथ्वीच्या गोलाईला चुकवत राहतं. चंद्र आपल्यावर का पडत नाही ह्याचंही उत्तर हेच. तोही पडतोच आहे, फक्त दर वेळी हुकतो. शाळेच्या बऱ्याच गाईडात "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते" असं छापलेलं असतं, ते पेन्सिलने खोडा.

राकेश शर्मा १९८४ ला गेले आणि त्यानंतर थेट जून २०२५ ला शुभांशू, मधे ४१ वर्षं गेली. आताच्या आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर राहिलेला पहिला भारतीय म्हणजे शुभांशू. दीड तासात एक फेरी होते म्हणून दिवसाला सोळा वेळा सूर्य उगवतो. सकाळ कुठली धरायची? घड्याळातली.

तिथे शी-शू कशी करतात? (हाच खरा प्रश्न असतो, आधीचे सगळे प्रस्तावना)

तिथल्या कमोडमध्ये पाण्याऐवजी हवा ओढणारा पंखा असतो, जे काही असेल ते हवेबरोबर आत खेचलं जातं नाहीतर खोलीभर हिंडेल. शू साफ करून तिचं पुन्हा पिण्याचं पाणी करतात, खरंच. शी पिशवीत बंद करून कचऱ्याच्या यानात भरतात आणि ते यान वातावरणात येताना जळून जातं. म्हणजे एखाद्या रात्री चमकत जाणारी रेघ बघून कोणी काय काय मागत असेल, कोण जाणे. हे सांगितल्यावर पाच मिनिटं काही दुसरं बोलता येत नाही हे गृहीत धरा.

विक्रम आणि प्रज्ञान अजून चंद्रावर आहेत का? त्यांना परत कोण आणणार?

आहेत, आणि कोणी आणणार नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम उतरला, प्रज्ञान बाहेर येऊन शंभरेक मीटर फिरला. चंद्रावरचा एक दिवस आपल्या साधारण चौदा दिवसांचा आणि तेवढीच लांब रात्र, त्या रात्री थंडी शून्याच्या खाली शंभर अंशांहून कितीतरी जास्त जाते. दोघे उन्हावर चालणारे, एका दिवसापुरतेच बनवलेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना झोपवलं, पुन्हा ऊन आल्यावर हाका मारल्या पण उठले नाहीत. लहान पोरांना ह्याचं खूप वाईट वाटतं, रडलेली बघितली आहेत. त्यांना सांगा की त्यांचं काम पूर्ण झालंय, आणि तिथे वारापाऊस नाही त्यामुळे प्रज्ञानच्या चाकांचे ठसे तू म्हातारा होशील तरी तसेच असतील.

प्लूटोला का काढून टाकलं?

काढला नाही, तो आहे तिथेच आहे, आपण त्याची यादी बदलली. त्याच्यासारखेच बरेच बर्फाळ गोळे तिकडे सापडायला लागले, मग सगळ्यांनाच ग्रह म्हणायचं का ह्यावर वाद झाला आणि २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये मतदान होऊन तो बटुग्रह ठरला. तो आपल्या चंद्रापेक्षाही लहान आहे. १९३० ला सापडला आणि त्याची एक फेरी २४८ वर्षांची, म्हणजे सापडल्यापासून त्याचं स्वतःचं एक वर्षही पुरं झालेलं नाही.

पोरांना जास्त आवडणारी गोष्ट ही की प्लूटो हे नाव इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं होतं, व्हेनेशिया बर्नी नाव तिचं. सकाळी नाष्ट्याला आजोबांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली आणि ती पटकन बोलून गेली.

ब्लॅक होल आपल्याला ओढून घेईल का?

नाही. कार्टूनमध्ये दाखवतात तसं ते सगळीकडचं शोषत सुटत नाही. समजा जादूने सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं ब्लॅक होल ठेवलं तर अंधार होईल, थंडीने मरू, पण पृथ्वी आहे त्याच वाटेने फिरत राहील. अगदी जवळ गेलं तरच मग उजेडही सुटत नाही, म्हणून काळं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर एक आहे, सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं, पण ते २६-२७ हजार प्रकाशवर्षं लांब. त्याचं चित्र मे २०२२ ला आलं, त्याच्याआधी २०१९ ला दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या राक्षसाचं. दोन्ही चित्रं धुरकट केशरी कड्यासारखी आहेत, मेदूवडा म्हणतात आमची पोरं.

मोठा दगड आपल्या डोक्यावर पडला तर?

छोटे छोटे रोज पडतात, वाळूच्या कणाएवढे, ते वरच जळतात आणि त्यालाच आपण तारा तुटला म्हणतो. दरवर्षी १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, गावाबाहेर चटई टाकून झोपा आणि मोजा. ऑगस्टमध्येही एक प्रसिद्ध वर्षाव असतो पण त्याच्या नशिबी आपला पावसाळा.

मोठा दगड पडला की काय होतं ते बघायला बुलडाण्यात लोणारला जा. सुमारे अठराशे मीटर रुंद खड्डा, काळ्या बेसाल्ट खडकात, मधे खारं तळं. काठावर उभं राहून पोराला सांगा की हे एका झटक्यात झालं, पुढे काही बोलावं लागत नाही. पण भीती घालून घरी आणू नका. आता असे दगड आधीच शोधून ठेवायचं काम चालू आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नासाने डार्ट नावाचं यान डिमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आपटून त्याची दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवतीची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी करून दाखवली. डायनासोरांकडे नासा नव्हती.

विश्व कुठे संपतं? आणि सुरू व्हायच्या आधी काय होतं? (रात्री दिवा मालवल्यावर, झोप टाळण्यासाठी)

आपल्याला दिसतं त्याला हद्द आहे, कारण विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आणि त्याहून जुना उजेड आलेलाच नाही. त्या हद्दीपलीकडेही विश्व आहे, ते कुठे संपतं का हे अजून कोणालाच माहीत नाही. आधी काय होतं, तेही नाही. हे पोराला असंच सांगा, "कोणालाच माहीत नाही" हे ऐकून त्यांचे डोळे चमकतात. विश्वाची सुरुवात, म्हणजे बिग बँग, म्हणजे कुठेतरी फटाका फुटला असं मात्र सांगू नका, तो एका जागी झालेला स्फोट नव्हता, जागाच सगळीकडे ताणली जायला लागली आणि अजून ताणली जातेय.

आणि मोठी माणसंसुद्धा ह्यावर भांडतात हे कळू द्या. आपल्या जयंत नारळीकरांनी बिग बँग कधीच मानला नाही, फ्रेड हॉएल ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी वेगळा सिद्धांत मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही, पुरावा बिग बँगच्या बाजूने भक्कम आहे, तरी हा माणूस शेवटपर्यंत शांतपणे, मुद्द्यावर बोट ठेवून प्रश्न विचारत राहिला.

एलियन आहेत का?

अजून एकही सापडलेला नाही. पण दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे हजारो ग्रह सापडलेत, त्यामुळे नाहीतच असं कोणी म्हणत नाही. यूट्यूबवरचे व्हिडिओ सोडा.

आपण त्यांना निरोप मात्र पाठवलाय. १९७७ ला निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, त्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, मराठीतलाही आहे, आणि गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. पहिला व्हॉयेजर आता इतका लांब गेलाय की त्याचा सिग्नल उजेडाच्या वेगाने यायला जवळपास एक दिवस लागतो. पोरांना ती भैरवी ऐकवा, साडेतीन मिनिटांची आहे. "एलियनला हे कळेल का" असं विचारतील, तर "तुला कळलं का" विचारा.

नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या भागात ४५ मीटर रुंदीच्या तीस अँटेना आहेत, ती एलियन ऐकायची जागा नव्हे पण विश्वातून येणाऱ्या रेडिओ लहरी तिथे टिपतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं, गर्दी होते पण न्या पोरांना.

उत्तर येत नसेल तर काय करायचं? लगेच मोबाईल काढू का?

लगेच नको. आधी "तुला काय वाटतं?" विचारा, कारण निम्म्या वेळा पोराने स्वतःचं उत्तर बनवलेलं असतं आणि ते ऐकण्यासारखं असतं. मग वहीत प्रश्न लिहून ठेवा, तारीख घाला, आणि रविवारी दोघांनी मिळून शोधा. खोटं उत्तर ठोकून देऊ नका, ते पुढे शाळेत जाऊन "माझे बाबा म्हणाले" म्हणून छातीठोकपणे सांगितलं जातं.

नारळीकर सर सही मागायला आलेल्या पोरांना म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहून खाली सही करीन. आणि खरंच लिहायचे. पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, तिथले कार्यक्रम चुकवू नका, मुंबईकरांना वरळीचं नेहरू तारांगण आहेच.

टेलिस्कोप घेऊन देऊ का? वाढदिवस आलाय.

थांबा. ऑनलाइन मिळणारे दोन-तीन हजारांचे, डब्यावर "६०० पट" छापलेले टेलिस्कोप घेऊ नका, स्टँड लटपटतो, काही दिसत नाही आणि पोराचा इंटरेस्ट कायमचा जातो. त्याऐवजी ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण घ्या. खुर्चीत बसून कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून धरली की चंद्रावरचे खड्डे दिसतात, कृत्तिकांचे सहा-सातऐवजी कितीतरी तारे दिसतात, आणि हात स्थिर राहिला तर गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी दोन-तीन रेषेत उभे असतात. वर्षभर ती वापरली गेली तर मग टेलिस्कोपचा विचार करा, आणि तोही आधी एखाद्या आकाशदर्शनाला जाऊन दुसऱ्याच्या टेलिस्कोपमधून बघून. नुसत्या डोळ्यांनी करायचा एक खेळ लगेच सुरू करता येतो, उत्तरेला हात लांब करून मूठ क्षितिजावर ठेवायची, त्यावर दुसरी मूठ, पुण्या-मुंबईकडे साधारण तिथेच ध्रुव असतो. तो सगळ्यात तेजस्वी तारा नाहीये हे बघून सगळी पोरं आधी हिरमुसतात. दुर्बीण दिवसा पोराच्या हातात एकटी देऊ नका, चुकून सूर्याकडे गेली तर एक क्षण पुरतो.